मुक्या जिवांचा चेहरा वाचणारा डार्विन

चार्ल्स डार्विन हे नाव उच्चारले की माकडापासून माणूस झाला, एवढेच आपल्याला आठवते. शाळेच्या पुस्तकात उत्क्रांतिवादाचा जनक म्हणून त्याच्यावर एक धडा असतो, परीक्षेत एक टीप येते आणि आपली त्याची ओळख तिथेच संपते. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या ग्रंथाने जगाच्या विचाराला वळण दिले हे खरेच आहे. पण या माणसाच्या आयुष्यात दुसरा एक धागा लहानपणापासून अखेरपर्यंत चालत आलेला आहे आणि तो शाळेच्या पुस्तकात सापडत नाही. ज्याला बोलता येत नाही अशा जिवाला काय होत आहे हे माणसाने कसे ओळखावे, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न केवळ भूतदयेचा नाही. आज कोट्यवधी कोंबड्या, गाई, डुकरे, घोडे, प्रयोगशाळेतील उंदीर आणि प्राणिसंग्रहालयातील हत्ती-वाघ माणसाच्या हाती आहेत. त्यांचे अन्न, जागा, औषधपाणी आणि पुष्कळदा मरणही माणूसच ठरवतो. मालक म्हणतो, माझे जनावर सुखात आहे. पाहणारा म्हणतो, त्याचे हाल चालले आहेत. जनावराला साक्षीला बोलावता येत नाही. मग खरे कोणाचे हे ठरवण्याची काही रीत हवी. अशी रीत आता तयार झाली आहे आणि तिला प्राणिकल्याणाचे शास्त्र म्हणतात. या शास्त्राच्या कितीतरी वाटा मागे मागे जात डार्विनच्या दारापाशी पोहोचतात. म्हणून त्याचे चरित्र या बाजूने सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

चार्ल्सचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूझबरी या गावी झाला. वडील रॉबर्ट डार्विन हे नावाजलेले डॉक्टर. आई तो आठ वर्षांचा असताना वारली आणि मोठ्या बहिणींनी त्याला वाढवले. मुलगा अभ्यासात यथातथाच होता, पण किडे, शिंपले, पक्ष्यांची अंडी गोळा करण्याचा त्याला भारी नाद. अंडी काढताना घरट्यातून एकच घ्यायचे हा त्याचा नियम होता, आणि हा नियम एकदाच मोडल्याचेही त्याने लिहून ठेवले आहे. मासे पकडायला बसला की तास न् तास उठत नसे. गळाला लावायची गांडुळे मिठाच्या पाण्याने आधी मारता येतात, असे त्याला मामाच्या घरी कोणीतरी सांगितले. तेव्हापासून त्याने जिवंत गांडूळ गळाला टोचले नाही, मग मासे कमी लागले तरी चालतील.

म्हणजे हा मुलगा जन्मतःच साधू होता असे मात्र नाही. अगदी लहान असताना त्याने एका कुत्र्याच्या पिलाला मारले होते. पिलाने काही केले नव्हते. आपल्या हाती बळ आहे, एवढ्याच सुखासाठी त्याने मारले. १८७६ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्याने घरच्या माणसांसाठी आत्मचरित्र लिहिले, त्यात ही गोष्ट नोंदवली आहे. मार फार बसला नसावा, कारण पिलू काही केकाटले नाही, असे तो स्वतःला समजावतो. पण ती नेमकी जागा त्याला साठ वर्षांनंतरही आठवत होती. या पिलाकडे आपल्याला शेवटी पुन्हा यायचे आहे.

वडिलांच्या इच्छेप्रमाणे १८२५ साली तो एडिंबरो येथे वैद्यक शिकायला गेला. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती. शस्त्रक्रियागृहात त्याने दोन शस्त्रक्रिया पाहिल्या, त्यांतली एक लहान मुलावरची होती. दोन्ही वेळा तो मध्येच उठून पळाला आणि पुन्हा त्या खोलीत गेला नाही. ते दृश्य पुढे कित्येक वर्षे त्याचा पाठलाग करीत राहिले. वैद्यक सुटले. मग पाद्री व्हावे म्हणून केंब्रिजला रवानगी झाली. तिथे त्याने भुंगेरे गोळा केले आणि बंदुकीने पक्षी मारले. शिकारीचे त्याला वेड होते. वेदना पाहून पळणारा आणि पक्षी टिपताना हर्षभरित होणारा तरुण एकच होता. पुढच्या आयुष्यात डार्विनला जी ओढाताण सोसावी लागली तिचे मूळ इथे दिसते.

२७ डिसेंबर १८३१ रोजी 'बीगल' हे जहाज निघाले आणि २ ऑक्टोबर १८३६ रोजी परत आले. या पाच वर्षांच्या सफरीचे वर्णन सर्वत्र वाचायला मिळते, म्हणून इथे विस्तार करीत नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाची भेट घडली ती सफरीनंतर, १८३८ च्या मार्चमध्ये, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात.

तिथे जेनी नावाची एक ओरांगउटान मादी आणलेली होती. रखवालदाराने तिला सफरचंद दाखवले पण दिले नाही. जेनीने स्वतःला पाठीवर लोटून दिले, पाय झाडले आणि हट्टी मुलासारखा आकांत मांडला. मग ती रुसून बसली. रडणे थांबवलेस तर देईन, असे रखवालदाराने सांगितल्यावर तिने मोठ्या प्रयत्नाने स्वतःला आवरले आणि सफरचंद मिळवले. डार्विन हे सगळे टिपत होता. पुढे त्याने तिला आरसा दाखवून पाहिला. पुढच्या वर्षी, २७ डिसेंबर १८३९ रोजी, त्याला पहिला मुलगा झाला. बापाने वही काढली आणि बाळ केव्हा रडते, केव्हा भुवया आकसते, केव्हा पहिल्यांदा हसते याच्या नोंदी सुरू केल्या. एका नजरेने वानर आणि पोटचे पोर पाहणारा माणूस त्या काळच्या समाजाला विचित्रच वाटला असता.

त्या काळी चेहऱ्याच्या बाबतीत सर चार्ल्स बेल या शरीरशास्त्रज्ञाचे मत प्रमाण मानले जाई. माणसाच्या चेहऱ्यातले काही स्नायू त्याला भावना व्यक्त करण्यासाठीच मुद्दाम दिलेले आहेत, असे ते मत होते. हे खरे धरले तर प्राण्यांचा चेहरा मुका ठरतो आणि त्यात वाचण्यासारखे काही उरत नाही. डार्विनला हे पटेना. माणूस आणि इतर प्राणी एका वंशवृक्षाच्या फांद्या असतील, तर रडणे, दचकणे, चिडणे यांची यंत्रणाही सामाईक असली पाहिजे.

१८४२ साली तो लंडनजवळच्या डाऊन या खेड्यात राहायला गेला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. प्रकृती कायम नादुरुस्त. तरी १८५५ पासून त्याने कबुतरे पाळली. वेगवेगळ्या जातींच्या सांगाड्यांची तुलना करायची तर पिले मारणे भाग होते. त्याने एक पिलू ईथर व क्लोरोफॉर्मने मारून पाहिले. मरण सोपे होते पण वेळ लागला. मग पोटॅशियम सायनाइडच्या वाफेने मारले, ते लवकर आटोपले. कबुतरे त्याला अतिशय आवडत, आणि हे काम आपण एखाद्या खुन्यासारखे केले अशा आशयाचे त्याने मित्राला कळवले. भूल ही किती मोठी देणगी आहे हे त्याला घरातही कळले होते. १८५० च्या जानेवारीत पत्नी एमाच्या बाळंतपणात डॉक्टर येण्यापूर्वी त्याने स्वतः तिला क्लोरोफॉर्म दिला होता.

पाळीव प्राण्यांवरचा त्याचा मोठा ग्रंथ १८६८ साली निघाला. त्यात त्याने रानटी आणि पाळीव सशांच्या कवट्या मोजल्या. पाळीव ससा अंगाने कितीतरी मोठा झाला, पण मेंदू त्या प्रमाणात वाढला नाही. पिढ्यान् पिढ्या कोंडून राहिल्याने डोळे, कान आणि बुद्धी चालवण्याचे कामच उरले नाही, असे त्याने कारण दिले. या कारणाबद्दल आज वेगळे मत असू शकेल. पण बंदिवासाचा परिणाम मोजपट्टीने पाहावा ही दृष्टी त्यात आहे.

१८६३ साली त्याने आणि एमाने मिळून एक आवाहन छापून वाटले. त्या वेळी इंग्लंडच्या शिकारी जमिनींवर लहान श्वापदांसाठी लोखंडी दातेरी सापळे लावत. प्राण्याचा पाय त्यात सापडला की रखवालदार सकाळी येईपर्यंत तो आठ-आठ, दहा-दहा तास तसाच अडकून पडे. रस्त्याने जाताना घोड्याला मारणारा गाडीवान दिसला तर डार्विन त्याच्याशी भांडे आणि थरथरत घरी परते, असे त्याच्या मुलाने, फ्रान्सिसने, लिहिले आहे. शेजारच्या एका हौशी शेतकऱ्याने मेंढ्या उपाशी मारल्या, तेव्हा आजारी डार्विनने गावभर फिरून पुरावा जमवला आणि प्रकरण मॅजिस्ट्रेटपुढे नेले. नुसते हळहळून न थांबता पुरावा जमवायचा, ही त्याची वृत्ती होती.

हीच वृत्ती घेऊन तो भावनांच्या अभ्यासाकडे वळला. १८६७ च्या सुमारास त्याने एक प्रश्नावली तयार करून जगभर पाठवली. आश्चर्य वाटले की डोळे व तोंड उघडतात का? लाज वाटली की चेहरा तांबूस होतो का? विचारात पडलेल्या माणसाच्या कपाळाला आठ्या पडतात का? असे ते सोळा प्रश्न होते. उत्तर देणाऱ्याने आठवणीवर अजिबात विसंबू नये, या विषयात आठवण दगा देते, तेव्हा प्रत्यक्ष पाहून लिहावे, अशी त्याने कळकळीची विनंती केली. त्याला छत्तीस जणांची उत्तरे आली.

त्यांतले एक उत्तर आपल्याकडचे होते, हे वाचून पुष्कळांना नवल वाटेल. मुंबई इलाख्यातल्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, एच. अर्स्किन नावाचे इंग्रज गृहस्थ राहत होते. त्यांनी तिथल्या लोकांचे चेहरे न्याहाळले. कानडा जिल्ह्याचे न्यायाधीश वेस्ट यांच्याकडूनही त्यांनी माहिती मिळवली आणि काही जाणत्या एतद्देशीय गृहस्थांचाही सल्ला घेतला. पण खात्रीचा निष्कर्ष काढणे त्यांना फार अवघड गेले. युरोपियन माणसासमोर इथले लोक आपल्या सर्व भावना झाकून ठेवतात, हे त्याचे कारण त्यांनी कळवले आणि डार्विनने ते आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत छापले.

मराठी आणि कानडी मुलखातून गेलेली ही एक लहानशी नोंद मला त्या संबंध ग्रंथात मोलाची वाटते. साहेब समोर उभा असताना रयतेचा चेहरा कोरा होतो, हे आपल्या आजोबा-पणजोबांना सांगायची गरज नव्हती. पण शास्त्राच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. चेहऱ्यावर काही दिसले नाही म्हणून मनात काही नव्हते असे ठरत नाही. पाहणारा कोण आहे आणि त्याच्या हाती किती सत्ता आहे, यावर समोरचा काय दाखवील हे अवलंबून असते. माणसांची ही गत, तर ज्यांच्या मानेवर आपला हात आहे त्या जनावरांची काय असेल?

पाहणाऱ्याच्या चुकीचा दुसराही एक प्रकार डार्विनने ओळखला होता. फ्रान्समधील दुशेन या डॉक्टरने एका वृद्धाच्या चेहऱ्याचे स्नायू विजेने आकुंचित करून निरनिराळ्या भावांची छायाचित्रे घेतली होती. ती खालच्या मजकुरासह पाहताना डार्विनला सगळी हुबेहूब वाटली. मग त्याला शंका आली की मजकूर वाचल्यामुळे तर आपल्याला तसे दिसत नाही ना? त्याने निवडक चित्रे कोणतीही सूचना न देता वीसपेक्षा अधिक स्त्रीपुरुषांना एकेक करून दाखवली आणि यात कोणती भावना दिसते ते विचारले. काही चित्रांबद्दल जवळजवळ सर्वांचे एकमत झाले, काहींबद्दल प्रत्येकाने वेगळेच सांगितले. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हे लगेच पटते. ज्याने खतावणी लिहिली त्यानेच हिशेब तपासला तर तपासणीला अर्थ राहत नाही. डार्विनने आपल्या डोळ्यांचा हिशेब दुसऱ्यांकडून तपासून घेतला.

'एक्स्प्रेशन ऑफ द इमोशन्स इन मॅन अँड ॲनिमल्स' हा ग्रंथ १८७२ साली प्रसिद्ध झाला. त्यात छायाचित्रे छापली होती, जी त्या काळी पुस्तकात क्वचितच असत. कुत्र्याचे कान, मांजराची वाकलेली पाठ, घोड्याच्या नाकपुड्या, माकडांचे ओठ यांचे त्यात बारकाईने वर्णन आहे. हत्तींचा प्रसंग विशेष सांगण्यासारखा आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील रखवालदार सांगे की, पिलाला दूर नेले तेव्हा वृद्ध हत्तिणीच्या गालांवरून अश्रू ओघळताना आपण पाहिले. दुसऱ्या कोणी हे ऐकून डोळे पुसले असते किंवा खोटे म्हणून झटकले असते. डार्विनने विचार केला तो असा : माणूस जोराने रडतो तेव्हा डोळ्यांभोवतीचे वर्तुळाकार स्नायू आवळले जातात, मग हत्ती ओरडतो तेव्हाही ते आवळतात का? त्याने हत्तींना चीत्कार करायला लावले. हिंदी हत्तींच्या डोळ्यांभोवतीचे स्नायू दर चीत्काराला आवळताना दिसले. आफ्रिकी हत्तीत मात्र दिसले नाहीत. आपल्या तर्काला बाध आणणारी ही गोष्टही त्याने लपवली नाही.

चेहऱ्याच्या साक्षीवर विश्वास का ठेवावा याचे उत्तर त्याने स्वतःवर प्रयोग करून दिले आहे. विषारी सापाच्या काचेला त्याने चेहरा चिकटवला आणि साप झेपावला तरी मागे हटायचे नाही असा पक्का निश्चय केला. मध्ये जाड काच होती, धोका काहीच नव्हता. तरी साप झेपावताच तो एक-दोन यार्ड मागे उडाला. इच्छाशक्ती लुळी पडली. शरीराच्या काही हालचाली मनाच्या हुकमाबाहेर असतात आणि म्हणूनच त्या खोटे बोलत नाहीत. मुक्या जिवाची साक्ष मिळवायची तर ती अशा हालचालींतच मिळेल.

लवकरच आयुष्याने त्याची याच विषयात परीक्षा घेतली. १८७५ साली इंग्लंडात जिवंत प्राण्यांवरील चिरफाडीविरुद्ध मोठी चळवळ उभी राहिली. फ्रान्सेस पॉवर कॉब या बाईंनी काढलेल्या अर्जावर वडिलांनी सही करावी असा मुलीचा, हेन्रिएटाचा, आग्रह होता. डार्विनने नकार दिला. शरीरशास्त्राची प्रगती जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांशिवाय होणार नाही आणि तिच्यातून पुढे माणसांचे व जनावरांचेही रोग बरे होतील, असे त्याचे मत होते. पण केवळ कुतूहलापोटी वेदना देणे त्याला सहन होत नसे. त्या विचाराने रात्रीची झोप जाते असे तो सांगे. मग प्रयोगांना वाव राहील पण भूल सक्तीची होईल अशा विधेयकाच्या मसुद्यात त्याने स्वतः लक्ष घातले. ३ नोव्हेंबर १८७५ रोजी त्याने रॉयल कमिशनपुढे साक्ष दिली. १८७६ चा कायदा शेवटी झाला तो त्याच्या मनासारखा नव्हता, परंतु परवाना आणि भूल या दोन अटी त्यात आल्या. हा कायदा ब्रिटनमध्ये १९८६ सालापर्यंत लागू होता.

त्याच्या मनातली ओढाताण त्याच्या एका वाक्यात पकडता येते. 'डिसेंट ऑफ मॅन' या १८७१ च्या ग्रंथात त्याने चिरफाड चालू असताना प्रयोगकर्त्याचा हात चाटणाऱ्या कुत्र्याचा उल्लेख केला होता, आणि त्या माणसाचे काळीज दगडाचे नसेल तर त्याला मरेपर्यंत पश्चात्ताप झाला असेल असे म्हटले होते. १८७४ च्या आवृत्तीत त्याने त्यात एक पोटवाक्य घातले : ज्ञानात पडलेल्या भरीने तो प्रयोग पूर्णपणे समर्थनीय ठरत असेल तर गोष्ट वेगळी. कोणी याला माघार म्हणेल. मला वाटते, ज्याला दोन्ही पारड्यांतले वजन दिसत होते अशा माणसाचा तो हिशेब होता. काही वेदना मान्य करायची असेल तर ती किती आहे हे मोजणे अधिकच बंधनकारक होते.

त्याचा अखेरचा ग्रंथ, १८८१ चा, गांडुळांवर होता. लहानपणी ज्यांना टोचायचे त्याने सोडले होते त्यांच्याकडे तो म्हातारपणी परत आला. कुंड्यांत गांडुळे ठेवून त्यांच्याजवळ शिटी वाजवण्यात आली, फ्रान्सिसने बसून वाजवला, एमाने पियानो वाजवला. गांडुळांना काहीच ऐकू आले नाही. कुंडी पियानोवर ठेवली तेव्हा मात्र कंप जाणवून ती बिळात शिरली. मग त्याने त्यांच्यापुढे निरनिराळी पाने ठेवली. कोबीपेक्षा सेलरी, आणि सगळ्यांपेक्षा गाजराची पाने त्यांनी पसंत केली. आपल्याला काय आवडेल हे बाजूला ठेवून त्या जिवालाच निवड करू देण्याची ही पद्धत होती. १९ एप्रिल १८८२ रोजी डार्विन वारला आणि वेस्टमिन्स्टर ॲबेत त्याचे दफन झाले.

त्याच्यामागून आलेल्या काहींनी प्राण्यांच्या अकलेच्या आणि मायेच्या ऐकीव कथांचा ढीग रचला. त्याला विटून पुढच्या पिढीतील शास्त्रज्ञांनी दुसरे टोक गाठले. प्राण्याला काय वाटते हा प्रश्नच अशास्त्रीय ठरवला आणि तो अर्धशतकाहून अधिक काळ बाजूला पडला. दरम्यान कोंबड्या तारेच्या पिंजऱ्यांत गेल्या. १९६४ साली रूथ हॅरिसन या इंग्रज बाईंच्या 'ॲनिमल मशीन्स' या पुस्तकाने खळबळ उडाली आणि ब्रिटिश सरकारने ब्रॅम्बेल समिती नेमली. १९६५ च्या अहवालात समितीने इतर शिफारशींबरोबर पिंजऱ्याच्या तळाला बारीक षट्कोनी जाळी वापरू नये असे सुचवले. कोंबड्यांच्या पायांना ती टोचत असणार, हे कोणाही दयाळू माणसाला पटण्यासारखे होते. १९७३ साली ह्यूज आणि ब्लॅक या संशोधकांनी कोंबड्यांनाच निवड करू दिली, तर कोंबड्या नेमक्या त्या बारीक जाळीवर जाऊन उभ्या राहिल्या. तिच्यावर पायाला अधिक ठिकाणी आधार मिळत होता. पंडितांची समिती चुकली आणि कोंबड्या बरोबर ठरल्या. गाजराच्या पानांचा प्रयोग इथे पुन्हा भेटतो. अर्थात समोर ठेवलेल्या पर्यायांतून केलेली ही निवड होती. तेवढ्यावरून पिंजरा चांगला ठरत नाही.

चेहऱ्याची वाटही पुन्हा उघडली. २०१० साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून उंदरांच्या वेदनेचे मोजमाप प्रसिद्ध झाले. डोळे किती आवळलेत, नाक आणि गाल किती फुगलेत, कान कसे आहेत, मिशांची ठेवण कशी बदलली आहे, अशा पाच खुणांना शून्य, एक किंवा दोन गुण द्यायचे. गुण देणाऱ्याला कोणत्या उंदराला काय झाले आहे हे सांगितलेले नसते. दुशेनची छायाचित्रे मजकूर झाकून दाखवणारा डार्विन इथे आठवल्याशिवाय राहत नाही. पुढे ससे, घोडे, मांजरे यांच्यासाठीही अशी कोष्टके झाली. गाई, डुकरे आणि कोंबड्या यांच्या गोठ्या-खुराड्यांसाठी २००४ ते २००९ या काळात युरोपात एक मोठा प्रकल्प झाला. अन्न, निवारा, आरोग्य आणि वर्तन या चार सदरांखाली बारा कसोट्या त्यात ठरवल्या गेल्या. गोठा किती लांबरुंद आहे एवढेच न मोजता जनावर लंगडते का, अंगावर जखमा आहेत का, माणूस जवळ आला की किती अंतरावरून दूर सरते, हे जनावराच्या अंगावरच पाहायचे, हे त्याचे सूत्र होते.

आणि २०१४ साली मॅकगिलच्याच संशोधकांनी एक विलक्षण गोष्ट दाखवली. प्रयोगाच्या खोलीत पुरुष बसलेला असला की उंदरांच्या चेहऱ्यावरील वेदनेच्या खुणा कमी होत. बाई असली तर होत नसत. पुरुषाने घातलेला सदरा नुसता ठेवला तरी तोच परिणाम दिसे. त्या वासाने उंदीर इतका धास्तावे की त्या ताणाखाली वेदनाच दबून जाई. माणसाचे झाकणे आणि उंदराचे धास्तावणे यांची यंत्रणा एक नाही, हे मान्य. पण अहमदनगरच्या साहेबाला आलेली अडचण आणि ही अडचण बहिणी-बहिणीच आहेत. पाहणाऱ्याच्या नुसत्या असण्याने, त्याला जे पाहायचे ते नाहीसे होते. म्हणूनच आता जाणते पशुवैद्य आजारी ससा किंवा घोडा जवळ कोणी नसताना कसा वागतो हे कॅमेऱ्यातून पाहणे पसंत करतात.

आता त्या कुत्र्याच्या पिलाकडे येऊ. पिलू केकाटले नाही, म्हणून मार फार लागला नसावा, असे डार्विनने स्वतःचे समाधान करून घेतले होते. त्यानेच ज्या शास्त्राचा पाया घातला ते शास्त्र आज हे समाधान मान्य करणार नाही. बलवानासमोर दुबळा जीव गप्प राहतो आणि ते गप्प राहणे निरोगीपणाचे प्रमाणपत्र नव्हे. डार्विनलाही आतून हे ठाऊक असावे, नाहीतर साठ वर्षांनी ती जागा त्याला इतकी स्पष्ट आठवली नसती. आपल्याकडे बैलाच्या शिंगांना रंग लावून, पुरणपोळी घालून वर्षातून एक दिवस त्याची पूजा होते, ती चांगलीच आहे. पण पूजा संपल्यावर त्याच्या खांद्याची सूज, खुरांची चाल आणि डोळ्यांभोवतीचा ताण पाहणारा कोणीतरी हवा. बैल ओरडत नाही, हे उत्तर पुरेसे नाही.